उसनी वांगी

मीनाक्षीला तिच्या नावानं शेवटची हाक कुणी मारली होती, हे तिला नीट आठवत नव्हतं. बहुधा बाळंतपणाच्या खोलीत नर्सनं मारली असावी, आणि तीही ओरडून. त्यानंतर अकरा महिने ती पिल्लूची आई होती. दूधवाल्याला पिल्लूची आई, शेजारच्या वनिताअक्कांना पिल्लूची आई, आणि लस टोचायच्या रांगेत तर नुसतीच 'मम्मी', म्हणजे तिथं बसलेल्या तीस बायकांपैकी कुणीही. तिचा नवरा अनिश तारिहाळच्या कारखान्यातून जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा, आणि त्याचं पहिलं वाक्य असायचं, "पिल्लू जेवलं का?" सासूबाई, म्हणजे वेणूबाई, घरात "अगं ए" म्हणायच्या आणि चार माणसांत "आमच्या सूनबाई".

तक्रार अशी काही नव्हती. पिल्लू होतंच तसं, गालात खळी आणि मुठीत कायम कुणाचे तरी केस. पण धारवाडजवळच्या नवनगरच्या उद्यानप्रेमी संघानं फल-पुष्प प्रदर्शनाचा फलक लावला, मीनाक्षी पिल्लूला कडेवर घेऊन वांग्यांच्या गटाचा अर्ज भरायला गेली, आणि टेबलामागच्या मंजुनाथांनी मान खाली ठेवूनच कन्नडमध्ये विचारलं, "हेसरु?"

मीनाक्षीनं सवयीनं पिल्लूचं नाव सांगितलं.

"वय?"

"अकरा महिने."

मंजुनाथ संघाचे चिटणीस. त्यांनी तेही लिहिलं. मग पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून आधी पिल्लूकडे पाहिलं, मग मीनाक्षीकडे.

"वांगी हिनं लावली आहेत का?"

त्यांनी खोडून पुन्हा लिहिलं: मीनाक्षी नाडगीर. गट सातवा, तीन सारखी वांगी. मीनाक्षी त्या ओळीकडे बघतच राहिली. शाई ओली होती म्हणून असेल, पण नाव कसं टवटवीत दिसत होतं.

"ताटलीपुढं नावाचं कार्ड असतं," मंजुनाथ म्हणाले. "आणि पहिला नंबर आला की माइकवरून पुकारतो आम्ही. तीन वेळा."

"माइकवरून?"

"माइकवरूनच. प्रदर्शन ज्या कल्याणमंटपात, त्याचे भोंगे रस्त्यापर्यंत आहेत."

घरी येताना मीनाक्षीनं वाटेत कुणी नाही असं बघून पिल्लूच्या कानात हळूच पुकारून पाहिलं, "मीनाक्षी नाडगीर!" पिल्लूनं तिचं नाक धरलं.

*

परसात वांग्याची अकरा झाडं होती. पिल्लू झोपलं की चाळीस मिनिटं मिळायची, कधी पंचवीस. तेवढ्यात भांडी आवरायची की जेवायचं की झोपायचं, हा रोजचा प्रश्न. आणि मीनाक्षी मागचं दार हळूच ओढून वांग्यांकडे जायची. आंबट ताक, चहाचा चोथा, कांद्याच्या सालींचं पाणी, काय काय तिनं त्या झाडांना घातलं. पानामागची अळी ती चिमट्यानं काढायची, आणि काढताना तोंडानं अंगाई चालू असायची, कारण ती एकदा सुरू झाली की आता तिला बंद करता येत नव्हती. जांभळ्या अंगावर पांढुरक्या रेघा, गोल गरगरीत, देठाला असे काटे की बघणाऱ्यानं हात मागे घ्यावा.

त्यातली चांगली पाच तिनं हेरली आणि पिल्लूच्या टोपड्यातून उरलेल्या तांबड्या लोकरीचा एकेक धागा त्यांच्या देठाला बांधला. घरात जाहीर केलं, "दोरा बांधलेल्या वांग्याला कुणी हात लावायचा नाही."

अनिश म्हणाला, "बरं." वेणूबाईंनी नुसती मान हलवली. त्यांनी धारवाडच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं काढली होती, त्यातली नऊ मुख्याध्यापिका म्हणून. नियम एकदा सांगितला की त्या तो जन्मभर पाळत आणि दुसऱ्याकडून त्याहून जास्त पाळून घेत.

तीन सारखी म्हणजे सारखी कशी ओळखायची? संघाच्या पत्रकात लिहिलं होतं, रंग, घेर आणि देठ. घेर मोजायला मीनाक्षीनं पिल्लूचा जुना करगोटा काढला. पिल्लू आठ महिन्यांचं झाल्यावर तो कमरेला घट्ट व्हायला लागला म्हणून काढून ठेवला होता. काळा मऊ दोरा, मध्ये एक छोटी गाठ. वांग्याभोवती गुंडाळला की टोक बरोबर गाठीशी यायला हवं. तीन वांग्यांचं आलं, अगदी तंतोतंत. दोन बोटभर कमी पडली. ती दोन तिनं झाडावरच राहू दिली.

शनिवारी चार वाजता तिनं ती तिघं तोडली. दोन बोटं देठ ठेवून, कात्री उकळत्या पाण्यातून काढून. दोरे सोडले, मऊ फडक्यानं अंग पुसलं. पिल्लू आता रांगत कुठंही पोचायचं आणि पोचेल ते तोंडात घालायचं, म्हणून सुपात पिल्लूचंच जुनं दुपटं घालून त्यावर वांगी मांडली आणि सूप जेवणाच्या टेबलावर ठेवलं, मधोमध. रविवारी सकाळी साडेआठला ताटली मांडायची होती. आता काही करायचं राहिलं नव्हतं. पिल्लूला घेऊन ती आडवी झाली, त्याला थोपटता थोपटता तिचा स्वतःचाच डोळा लागला.

जाग आली तेव्हा सहा वाजले होते. बाहेर आली. टेबलावर सूप होतं. सुपात दुपटं होतं. दुपट्यावर हळदीचं एक बोट आणि तिळाचे चार दाणे होते.

वांगी नव्हती.

"आई," मीनाक्षी म्हणाली. आवाज अगदी शांत होता. त्याचीच भीती वाटावी असा. "सुपातली वांगी कुठं आहेत?"

वेणूबाई देवापाशी वाती वळत होत्या. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"अगं, काय वेळेवर ठेवली होतीस! इज्जत राखलीस माझी. हळदीकुंकवाहून परत जाताना वनिता, सोनाबाई आणि ती मागच्या गल्लीतली भाग्यलक्ष्मी, तिघी आत आल्या. संक्रांतीचे दिवस. सवाष्णींना रिकाम्या हातानं कसं लावू? अनिशनं वाणाला मागवलेल्या चहाच्या गाळण्या तर अजून वाटेतच आहेत, रोज उद्या येतील म्हणतोय तो फोन. आणि बघते तर काय, सुपात दुपटं अंथरून तीन वांगी! तिघी आणि तीन. मी म्हटलं, सूनबाईंनी तयारीच करून ठेवलीय."

"आई, ती प्रदर्शनाची होती."

"छे! प्रदर्शनाची झाडावर आहेत की. मी स्वतः बघून आले. दोन आहेत दोरा बांधलेली."

"ती बोटभर कमी आहेत. चांगली मी तोडली. तोडताना दोरा सोडला."

वेणूबाईंच्या हातातली वात तशीच राहिली.

"तूच सांगितलंस," त्या हळूहळू म्हणाल्या, "दोरा बांधलेल्याला हात लावायचा नाही. सुपातल्यांना दोरा कुठं होता?"

नियम तर तिचाच होता. मीनाक्षी खुर्चीवर बसली. रडू येईल असं तिला वाटलं, पण पिल्लू उठून रडायला लागलं आणि घरात एका वेळी एकच जण रडू शकत होतं.

"मागून आणू," ती पिल्लूला हलवत म्हणाली.

"दिलेलं वाण परत मागायचं? सवाष्णीकडून?" वेणूबाईंनी कानाला हात लावला. "तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला नवनगरात. आणि मुळात तीन आकडाच वाईट. संघानं पाच मागितली असती तर मी वाणाला हात तरी लावला असता का?"

समोरच्या घरातून कन्नड बातम्या ऐकू येत होत्या. वेणूबाई मध्येच नातीकडे बघायच्या, मध्येच सुनेकडे. सुनेनं करगोटा बोटाला गुंडाळला होता आणि ती तो नुसताच सोडत होती, गुंडाळत होती.

"अगं ए," वेणूबाई उठल्या आणि त्यांनी पदर खोचला. "परत मागायचं नाही. उसनं मागायचं."

"काय?"

"वाण परत मागता येत नाही. पण शेजारणीकडे वांगं उसनं मागायला कुठल्या शास्त्राची हरकत आहे? कप साखर मागतो, तसं. उद्या संध्याकाळी परत. चल. पिल्लूला टोपडं घाल."

*

वनिताअक्का शेजारच्याच. दार उघडल्या उघडल्या त्या म्हणाल्या, "काय गं पिल्लूची आई, आत्ता तर येऊन गेलो की."

वेणूबाईंनी घसा साफ केला. मुख्याध्यापिकाबाईंना आयुष्यात पहिल्यांदा काही मागायचं होतं. "वनिता, एक वांगं उसनं हवं होतं."

"एकच? मग मघाशी तुम्ही दिलं ते..."

"तेच चालेल."

वनिताअक्कांनी दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. मग काही न विचारता आत गेल्या. वांगं देवापुढं होतं. हळद, कुंकू, अक्षता, वर एक झेंडूचं फूल. "एवढं देखणं, चिरवेना मला. देवाला म्हटलं, तू बघ आधी." फूल त्यांनी काढून घेतलं. कुंकू पुसलं तरी वांग्याच्या टाळूवर तांबूस छटा राहिली ती राहिलीच.

सोनाबाईचं घर दोन गल्ल्या सोडून. फाटकापाशी कुत्रं होतं आणि त्याला बघून पिल्लूनं आनंदानं अशी किंकाळी फोडली की कुत्रंच घाबरून भुंकायला लागलं. मीनाक्षी बाहेर थांबली. आतून सोनाबाईचा आवाज आला, "अगं बाई अक्का, आत्ता सांगताय व्हय!" मग काही कुजबुज. मग पाट सरकल्याचा आवाज. वेणूबाई बाहेर आल्या तेव्हा हातात स्टीलचा डबा होता, झाकण घट्ट.

"मिळालं?"

"मिळालं."

"बघू."

"घरी गेल्यावर. थंडी बाधते."

"वांग्याला?"

"डब्याला," वेणूबाई म्हणाल्या आणि भराभर चालायला लागल्या.

भाग्यलक्ष्मीच्या दारात मात्र पाऊल टाकायच्या आतच मीनाक्षीला दिसलं. व्हरांड्यात स्टुलावर एक पितळी ताटली, ताटलीत तीन वांगी. दोन ओळखीची नव्हती. तिसरं तिनं अंधारातसुद्धा ओळखलं असतं.

"अय्य, वेणूअक्का! बर्री, बर्री. कुंदर्री." भाग्यलक्ष्मीनं खुर्च्या ओढल्या. ती घरात कन्नड, बाहेर मराठी बोलायची, आणि खूश झाली की दोन्ही एकदम. "तुमच्या पायाशी नमस्कार करायला येणारच होते मी. देव पावला बघा! उद्या प्रदर्शन. माझी दोन वांगी झाली होती तयार, तिसरं खारीनं खाल्लं. मी काल रडलेसुद्धा. नोड्री, हसू नका. आणि आज तुम्ही हातात ठेवलंत! मी म्हटलं, वाण दिलं म्हणजे माझ्या घरचंच झालं की नाही?"

"झालं की," वेणूबाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"तुम्ही कशा आलात?"

वेणूबाईंनी सुनेकडे पाहिलं. 'उसनं' हा शब्द त्यांच्या ओठांपर्यंत आला होता. मीनाक्षीनं भाग्यलक्ष्मीकडे पाहिलं. वांग्यापायी रडवेली बाई तिनं आजवर एकच पाहिली होती, आरशात.

"सहज," मीनाक्षी म्हणाली. "पिल्लूला फिरवायला."

भाग्यलक्ष्मीनं पिल्लूच्या हातात तिळाचा लाडू दिला. पिल्लूनं तो आईच्या केसांत दाबला.

*

रविवारी सकाळी सुपात तीन वांगी तयार होती. देवाकडून आलेलं एक. झाडावरचं बोटभर कमी असलेलं एक. आणि मधोमध सोनाबाईकडचं, पोटाभोवती तांबड्या लोकरीचे चार वेढे आणि वर फुलासारखी गाठ.

"हा दोरा कशाला?"

"तुझाच नियम ना? दोरा बांधलेल्याला कुणी हात लावायचा नाही. प्रदर्शनात शंभर हात असतात."

मीनाक्षी आणखी काही विचारणार होती, पण पिल्लूनं त्याच क्षणी नाचणीचं सत्त्व तिच्या खांद्यावर उलटवलं. साडी बदलेपर्यंत आठ वाजून गेले. अनिशनं स्कूटर काढली. वेणूबाई मागे बसल्या आणि सूप त्यांनी वाटेत एकदाही कुणाच्या हातात दिलं नाही. मीनाक्षी पिल्लूला घेऊन रिक्षानं मागून.

लग्नाच्या त्या कल्याणमंटपात एका बाजूला शेवंती आणि गुलाबाच्या कुंड्या, एका बाजूला पपया, चिकू, भोपळे. कुणी कोबीवर स्प्रे मारत होतं. धारवाडचे निवृत्त पोस्टमास्तर गणपतराव आपल्या ताटलीसमोर खुर्ची टाकून बसले होते. त्यांची वांगी लहान होती, बुटकी होती, आणि जरा वाकडी होती, पण तिघं एकाच बाजूला वाकडी होती. भाग्यलक्ष्मीनं जरीची साडी नेसली होती. तिनं मीनाक्षीला हात केला.

मीनाक्षीनं आपल्या ताटलीपुढचं कार्ड वाचलं. मग जरा मागे जाऊन वाचलं. मग बाजूनं वाचलं. वेणूबाई ताटलीशेजारी उभ्या होत्या, परीक्षेच्या दिवशी वर्गाच्या दारात उभं राहावं तशा.

परीक्षक वादिराज सर आले. कृषी महाविद्यालयातून निवृत्त, काटकुळे, खिशात मोजायची पितळी कैची. ते कुणाशी बोलत नव्हते. फक्त वांग्यांशी पुटपुटत होते. भाग्यलक्ष्मीच्या ताटलीपाशी ते बराच वेळ थांबले.

"या दोघी बहिणी," ते म्हणाले. "हे तिसरं कुठलं?"

"माझंच," भाग्यलक्ष्मी म्हणाली. मग खोटं बोलवेना म्हणून, "वाण आलंय. काल. नाडगीरांच्या वेणूअक्कांकडून."

"फार चांगलं आहे. तेच वाईट झालं. या दोघींच्या पंगतीत बसत नाही ते. सारखी पाहिजेत बाई, चांगली नव्हे." त्यांनी वहीत काट मारली आणि पुढे सरकले.

भाग्यलक्ष्मीचं तोंड उतरलं. मीनाक्षीचं त्याहून. तिचं स्वतःचं वांगं तिच्यासमोर नापास झालं होतं, आणि तेही फार चांगलं म्हणून.

सर नाडगीरांच्या ताटलीशी आले. पहिलं वांगं त्यांनी देठानं उचललं. "याला कुंकू कसं?" वेणूबाईंनी पदर सारखा केला. "पण त्या तिकडच्याचं सख्खं भावंड आहे हे." दुसरं उचललं. "हे धाकटं." मग मधलं. "देठ उत्तम. काटे शाबूत. दोरा कशाला?"

"राहू दे सर," वेणूबाई म्हणाल्या.

"नियमात दोरा बसत नाही."

नियम म्हटल्यावर वेणूबाई काय बोलणार? सरांनी लोकरीचं टोक ओढलं. चार वेढे सुटले. आणि ते वांगं, देठ सरांच्या चिमटीत, सगळ्यांच्या देखत, हळूच चार पाकळ्यांनी उमललं. आतून दाण्याच्या कुटाचा एक ओला गोळा ताटलीत पडला.

सरांनी वांगं नाकाशी नेलं.

"कारळं," ते म्हणाले. "खोबरं. चिंच-गूळ." डोळे मिटले. "एण्णेगाई? भरलं वांगं?"

पलीकडे मंजुनाथ माइक हातात घेऊन बसले होते, आणि त्यांना वाटलं की काहीतरी अपघात झाला. त्यांनी लांबूनच कार्ड वाचलं आणि रस्त्यापर्यंतच्या भोंग्यांतून आवाज घुमला:

"मीनाक्षी नाडगीर! मीनाक्षी नाडगीर! मीनाक्षी नाडगीर जिथं असतील तिथून त्यांनी गट सातपाशी यावं. त्यांचं वांगं उलगडलं आहे."

मीनाक्षी तिथंच उभी होती, ताटलीपासून दोन हातांवर. अकरा महिने तिनं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं. तीन वेळा, माइकवरून. शेवंतीपाशी उभी असलेली माणसं वळली, भोपळेवाले वळले, बाहेर रसवाल्यापाशी उभे असलेले आत आले. पिल्लूनं भोंग्याकडे बघून टाळ्या वाजवल्या.

तेव्हा वेणूबाई पुढे झाल्या.

"सर, यात मीनाक्षीचा काही दोष नाही."

मीनाक्षीनं मान वळवून बघितलं. हे नाव त्या तोंडातून तिनं कधी ऐकलं नव्हतं. वेणूबाईंच्याही ते लक्षात आलं असावं, कारण त्या जरा अडखळल्या आणि मग शाळेच्या प्रार्थनेच्या आवाजात बोलायला लागल्या.

"मीनाक्षीची तीन वांगी तयार होती. एका मापाची. मीच काल ती वाण म्हणून वाटली. मग उसनी मागायला गेले. सोनाबाईनं हे चिरून मसाला भरला होता; कढईत पडायच्या आधी मी पोचले, एवढंच. मसाला मी काढला, निघाला तेवढा. तीन पाण्यांनी धुतलं, रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवलं, मग दोरा बांधला. मीनाक्षीला ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं मी मुलांच्या कॉप्या पकडल्या. आज मला धरा."

कुणीतरी हसलं, मग सगळेच. सरसुद्धा. पण भाग्यलक्ष्मी हसत नव्हती. तिच्या कपाळावर आठी पडली होती, आणि ती मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती.

"म्हणजे काल तुम्ही... पिल्लूला फिरवायला..." ती मीनाक्षीपाशी आली. "अय्य शिवने! तोंड उघडून बोलायचं की गं!"

"वाण कसं परत मागायचं?"

"मागता येत नाही. देता येतं की!" भाग्यलक्ष्मीनं शेजारच्या गुलाबवाल्या बाईच्या पूजेच्या तबकातलं कुंकू चिमटीत घेतलं, भर मंटपात मीनाक्षीच्या कपाळाला लावलं, आपल्या ताटलीतलं ते तिसरं वांगं तिच्या पदरात घातलं आणि वर दटावलं, "संक्रांतीचं वाण आहे. नाही म्हणायचं नाही."

सरांनी दोन वांगी शेजारी ठेवली, देवाकडचं आणि पदरातलं. पितळी कैचीनं मोजली. पुन्हा मोजली.

"केसाचाही फरक नाही," ते म्हणाले. "कशानं मोजलीत?"

मीनाक्षीनं पर्समधून करगोटा काढला. "हिचा आहे. आठव्या महिन्याचा."

सरांनी तो काळा दोरा तळहातावर घेतला, त्याची गाठ बघितली, पिल्लूचं पोट बघितलं. "तिसरं असतं तर पहिला नंबर होता," ते म्हणाले. "पण नियम तीनाचा आहे."

"नियम म्हणजे नियम," वेणूबाई खालच्या मानेनं म्हणाल्या.

पहिला नंबर गणपतरावांच्या तीन वाकड्या वांग्यांना मिळाला. त्यांचं नाव माइकवरून पुकारलं, तेही तीन वेळा. पण तोवर निम्मी माणसं गट सातपाशी गोळा होऊन मसाल्यात कारळं किती घातलं ते तिथंच आलेल्या सोनाबाईला विचारत होती, आणि गणपतरावांकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. सरांनी मीनाक्षीच्या कार्डावर निघताना पेन्सिलीनं लिहिलं: 'पीक पहिल्या प्रतीचं. मात्र भाजी झाली आहे.'

*

संध्याकाळी उसनं फेडायचं होतं. वनिताअक्का, सोनाबाई, भाग्यलक्ष्मी, तिघी घरीच आल्या. मीनाक्षीनं सगळी वांगी चिरली, करगोट्यात बसणारी आणि न बसणारी, सगळी. मसाला सोनाबाईनं वाटला. जोंधळ्याच्या भाकरी वेणूबाईंनी थापल्या. मधेच बेल वाजली आणि एक माणूस चहाच्या बारा गाळण्यांचं खोकं देऊन गेला. वेणूबाईंनी त्या खोक्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं धारवाडच्या शाळेत पोरं बाकाखाली शिरायची.

सोमवारी सकाळी दूधवाला दारात उभा राहून हसत होता. "मीनाक्षीअक्का, वांगं उलगडलं म्हणे?" भाजीवाली म्हणाली, "तुम्हीच का त्या मीनाक्षी?" लस टोचायला गेली तर तिथली नर्सही म्हणाली, "या, एण्णेगाई मीनाक्षी." अख्ख्या नवनगरात आता तिचं नाव ठाऊक नसलेला माणूस शोधावा लागला असता. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा अनिश इतका हसला की पिल्लू दचकलं.

वेणूबाई हसल्या नाहीत. त्या दिवशी दुपारी चारला पिल्लू झोपलं. मीनाक्षी उठून भांड्यांकडे निघाली, तर वेणूबाईंनी तिला मागच्या दाराशी धरलं आणि तिच्या मनगटाला काहीतरी बांधायला लागल्या. तांबडी लोकर. गाठ फुलासारखी.

"हे काय, आई?"

"चार ते पाच," वेणूबाई गाठ आवळत म्हणाल्या. "परसात जा, नाहीतर झोप, नाहीतर नुसती बस. दोरा बांधलेल्याला कुणी हात लावायचा नाही. मी बघते."

परसात झाडांना नवी फुलं आली होती, जांभळी, मध्ये पिवळा ठिपका. मीनाक्षी पायरीवर बसली. भांडी आत वाजत होती. वेणूबाई घासत होत्या आणि घासताना त्यांच्याही तोंडात तीच अंगाई आली होती. सतराव्या मिनिटाला पिल्लू जागं झालं, उंबऱ्यापर्यंत रांगत आलं, आणि आजी "नियम आहे, नियम!" म्हणत धावेपर्यंत त्यानं आईचं मनगट गाठून दोरा तोंडात घातला.